कारखाना विकायचाय? मग पाच वर्षं आधी कामाला लागा

२०१७ च्या फेब्रुवारीत माझ्या वर्कशॉपला पहिलं गिऱ्हाईक आलं. मालाला नव्हे, वर्कशॉपलाच. भोसरी एमआयडीसीत १९९८ पासून माझं सीएनसी-व्हीएमसीचं जॉबवर्क होतं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनांवर इतर कंपन्यांचे धातूचे पार्ट बनवून देणं. सहा मशीनं, बावीस माणसं, वर्षाची उलाढाल सहा कोटींच्या आसपास. मुलगी डॉक्टर, मुलगा जर्मनीत. कूलंटच्या वासात उभं राहायला दोघांपैकी कोणी येणार नव्हतं आणि मी छप्पन्नचा झालो होतो.

आलेला माणूस केबिनमध्ये दोन तास बसला. तेवढ्यात माझा फोन सतरा वेळा वाजला. तीन नंबरच्या मशीनला ऑफसेट किती देऊ, टेम्पोवाला रोख मागतोय, या पार्टला जुना रेट लावू की नवा. तो शांतपणे चहा पीत ऐकत होता. उठताना म्हणाला, "साहेब, मशीनं चांगली ठेवलीत. पण धंदा तर तुमच्या खिशात आहे आणि तुम्ही विकून घरी जाणार. मग मी घेऊ काय?" आठवड्याने त्याने आकडा कळवला. जुन्या मशीनांच्या बाजारभावापेक्षा जेमतेम वर. एकोणीस वर्षांच्या धंद्याची किंमत शून्य.

मी चिडलो. आठ दिवसांनी कळलं की तो बरोबर होता. २०२३ च्या जूनमध्ये मी तेच वर्कशॉप दुसऱ्याला विकलं, त्या आकड्याच्या तिपटीहून जास्त किमतीला. मधल्या सहा वर्षांत काय केलं, कुठे पाय घसरला आणि आज पुन्हा करायचं झालं तर कोणत्या क्रमाने करीन, ते खाली लिहितो. मी सीए नाही, वकीलही नाही. शिवाय आयकर कायदा, २०२५ च्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ असल्यामुळे त्या दिवसापासून कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून ते देत नाही. कर आणि करारांच्या बाबतीत सही करण्याआधी आपल्या सीएसमोर बसाच.

आधी खरा नफा काढा

मालकाच्या डोक्यातला नफा वेगळा, ताळेबंदातला वेगळा आणि खरेदीदाराला दिसणारा तिसराच. छोट्या उद्योगाची किंमत बहुतेक वेळा एबिटडावर ठरते, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा होण्याआधीच्या नफ्यावर. पण ताळेबंदातला एबिटडा कोणी जसाच्या तसा धरत नाही, तो आधी धुऊन घेतला जातो.

एक उदाहरण घ्या. करपूर्व नफा ३८ लाख, बँकेचं व्याज १४ लाख, घसारा २६ लाख. झाले ७८ लाख. कारखान्यात कधीच न येणाऱ्या पत्नीचा पगार ४.८ लाख, घरच्या गाडीचा खर्च ३.२ लाख आणि त्या वर्षी एकदाच झालेली स्पिंडलची मोठी दुरुस्ती ५ लाख. हे परत मिळवले की ९१ लाख. इथवर आल्यावर मालक खूश होतो. आता वजाबाकी. तुम्ही स्वतः पगार घेत नाही, पण तुमच्या जागी मॅनेजर ठेवला तर वर्षाला १८ लाख जातील. शेड तुमच्या वैयक्तिक नावावर आहे आणि धंद्याला भाडं लागत नाही, बाजारात ते १२ लाख पडेल. उरले ६१ लाख.

खरेदीदाराने चारपट धरली, तर धंद्याची किंमत २ कोटी ४४ लाख. त्यातून बँकेचं ९० लाख कर्ज वजा. तुमच्या हातात करापूर्वी १ कोटी ५४ लाख. ही चारपट मी हिशेबासाठी धरली आहे, तिला बाजारभाव समजू नका. ग्राहक किती, मशीनं किती जुनी, मालकावर किती अवलंबून, यावर ती खाली-वर होते. पण ९१ आणि ६१ यांतली दरी बहुतेक मालकांना सौद्याच्या टेबलावर पहिल्यांदा दिसते. ती आजच कागदावर काढा आणि दरवर्षी काढत राहा.

याच बैठकीत दोन नंबरचा विषयही मिटवा. भंगाराची रोख विक्री, बिलाशिवाय केलेलं किरकोळ काम, हे आमच्या धंद्यात कोणी नाकारत नाही. कायदा बाजूला ठेवला (ठेवू नये), तरी नुसत्या व्यवहारातही ते तोट्याचं आहे. १० लाखांचा नफा लपवला की वर्षाला साधारण तीन लाखांचा कर वाचतो. चारपटीच्या हिशेबात विकताना किंमत ४० लाखांनी खाली येते, कारण जे वह्यांत नाही त्याचे पैसे कोणी देत नाही. खरेदीदार मागची तीन वर्षं बघतो. म्हणजे सगळं पक्क्यात आणल्यानंतर तीन पूर्ण वर्षं जावी लागतात. आमचं भंगार, म्हणजे सगळी बर (मशीनवर निघणारा धातूचा कीस), २०१८ पासून पक्क्या बिलावर जाऊ लागली. पहिल्याच वर्षी कळलं की ती वर्षाला सात लाखांच्या वर जाते. इतकी वर्षं त्यातलं किती मला मिळत होतं, हे मी शोधत बसलो नाही.

धंद्याचं रूप बदला आणि तारीख लिहून ठेवा

माझी प्रोप्रायटरी होती, म्हणजे एकट्याच्या नावावरचा धंदा. प्रोप्रायटरी विकता येते, पण ती मालकापासून सुटत नाही. पॅन माझा, जीएसटी क्रमांक माझ्या पॅनवर, ग्राहकाने दिलेला व्हेंडर कोड (पुरवठादार क्रमांक) माझ्या नावाने, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट कर्ज) माझ्या नावाने. विकताना हे सगळं नव्याने उभं करावं लागतं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर शेअर हातबदल होतात आणि कंपनी जागच्या जागी राहते.

इथे एक मेख आहे आणि माझ्या मते या लेखातली सगळ्यात महागडी ओळ हीच. प्रोप्रायटरी किंवा भागीदारीचं कंपनीत रूपांतर करताना काही अटी पाळल्या तर भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही. धंद्याची सगळी मालमत्ता आणि देणी कंपनीकडे जायला हवीत, मोबदला फक्त शेअरच्या रूपात घ्यायचा आणि जुन्या मालकाकडे किमान ५० टक्के मतदानाचा हक्क पाच वर्षं राहायला हवा. पाच वर्षांच्या आत कंपनी विकली की ही सवलत परत घेतली जाते. खरेदीदार दारात उभा असताना घाईने कंपनी करणारे लोक इथेच अडकतात. माझं रूपांतर एप्रिल २०१८ चं, विक्री जून २०२३ ची. तो योगायोग नव्हता. तारीख मी केबिनमधल्या कॅलेंडरमागे पेन्सिलने लिहून ठेवली होती.

रूपांतरात जीएसटी क्रमांक नवा निघतो आणि जुन्या खात्यातलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मने नव्यात न्यावं लागतं. व्हेंडर कोड बदलायला ग्राहकाच्या खरेदी विभागामागे लागावं लागतं. एमआयडीसीचा प्लॉट साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने असतो, तो आपल्या मालकीचा नसतो. नाव बदलायला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. शेड स्वतःकडे ठेवून नव्या मालकाला भाड्याने द्यायची तरी पोटभाड्याची परवानगी लागते. आमची फाइल अडली ती माझ्याच कर्तबगारीमुळे. २००६ मध्ये स्टोअरसाठी पोटमाळा टाकला होता आणि मंजूर नकाशात तो नव्हता. सुधारित नकाशा मंजूर होईपर्यंत आठ महिने गेले. तुमच्या शेडमध्ये असा पोटमाळा किंवा मागच्या बाजूला पत्र्याची वाढीव शेड असेल, तर खरेदीदाराचा वकील ती बघायच्या आत नियमित करा किंवा काढून टाका.

भागीदारीत असाल तर भागीदारीपत्र कपाटातून काढून वाचा. पत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. फर्म नोंदणीकृत नसेल तर करारातून येणाऱ्या पैशासाठी बाहेरच्यावर दावाही लावता येत नाही. दोन भाऊ आणि एक वारलेल्या काकांचा मुलगा अशी फर्म मी जवळून बघितली आहे. गिऱ्हाईक तयार, किंमत ठरलेली, आणि त्या चुलतभावाची सही मिळाली नाही.

मालकाला धंद्यातून काढा

वाचायला सोपं वाटतं, पण वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो, कारण अडसर तुम्ही स्वतः असता.

सुरुवात फोनपासून केली. एका शाळकरी वहीत महिनाभर, मला आलेला प्रत्येक प्रश्न लिहिला. कोणी विचारलं, काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. महिनाअखेर चारशेच्या वर नोंदी झाल्या. त्या तीन ढिगांत वाटल्या. पहिला, ज्याचं उत्तर कुठेतरी लिहिलेलं असतं तर फोन आलाच नसता: ऑफसेट, टूलचं आयुष्य, पॅकिंग, कोणत्या पार्टला कोणता रेट. दुसरा, ज्यात दुसऱ्या कोणाला अधिकार दिला असता तर भागलं असतं: पाच हजारांच्या आतली खरेदी, टेम्पोचं भाडं, अर्ध्या दिवसाची रजा. तिसरा, ज्याला खरंच मी लागत होतो. हा ढीग इतका लहान होता की माझाच चेहरा पडला.

पहिल्या ढिगासाठी प्रत्येक पार्टचं एक पान केलं. ड्रॉइंगचा क्रमांक आणि आवृत्ती, फिक्स्चर कोणतं आणि कोणत्या रॅकवर, प्रोग्राम क्रमांक, प्रत्येक टूल आणि इन्सर्टचा (टूलच्या बदलत्या पात्याचा) ग्रेड, किती नगांनंतर धार बदलायची, कोणतं माप कोणत्या गेजने आणि दर किती नगांना, सायकल टाइम, सेटिंगला लागणारा वेळ. एकूण ४४ पार्ट. आमचे जुने सेटर (मशीन कामासाठी लावून देणारे), ज्यांना सगळे मामा म्हणायचे, पहिले दोन महिने या प्रकरणापासून लांबच राहिले. त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात एक छोटी डायरी असायची, कूलंटने पिवळी पडलेली. त्यांचं सगळं त्यात होतं आणि ती ते कोणाच्या हातात देत नसत. त्यांना वाटत होतं की ते लिहून दिलं की आपली गरज संपली. चूक त्यांची नव्हती. मी आधी पगार वाढवला, त्यांना सेटर-सुपरवायझर केलं, नवीन मुलांना तयार करण्याचं काम लेखी दिलं आणि मग डायरी मागितली. आधी सन्मान, मग डायरी. उलटं केलं असतं तर डायरी गावाला गेली असती.

दुसऱ्या ढिगासाठी अधिकारांचा एक कागद भिंतीवर लावला. कोण किती रुपयांपर्यंत खरेदी करू शकतो, रिजेक्शन निघालं तर लॉट कोण थांबवतो, ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याशी कोण बोलतो. लावणं सोपं. अवघड हे की परचेसवाल्या मुलाने पहिल्याच महिन्यात चुकीचे इन्सर्ट मागवले, अकरा हजार गेले, आणि मी गप्प बसलो.

मग परीक्षा. गणपतीला मी पंधरा दिवस देवगडला गेलो आणि फोन फक्त संध्याकाळी सातला अर्धा तास चालू ठेवायचा असं सांगून ठेवलं. पहिल्या वर्षी चौथ्या दिवशी सगळं अडलं, कारण इन्सर्टच्या कपाटाची किल्ली माझ्या पँटच्या खिशात, देवगडला! मुलांनी कुलूप तोडलं. मला पत्ता लागला तो परत आल्यावर, तुटलेली कडी बघून. खरं तर त्या दिवसापासून काम मार्गी लागलं. दुसऱ्या वर्षी एक डिस्पॅच चुकला. तिसऱ्या वर्षी संध्याकाळचा फोनही आला नाही, तेव्हा मीच करून विचारलं की सगळं ठीक ना. असा पंधरवडा खरेदीदाराला कागदोपत्री दाखवता येतो: त्या काळातला डिस्पॅच, रिजेक्शन, वसुली. माझ्या सौद्यात ते एक पान बाकी सगळ्या फाइलींपेक्षा जास्त वेळ वाचलं गेलं.

वाढ, पण कोणती

विक्रीआधी उलाढाल फुगवायची, असा सल्ला सगळे देतात. मी देणार नाही. नुसती उलाढाल वाढली की उधारी वाढते, सीसी भरते, आणि एबिटडा तिथेच राहतो.

आधी मशीनचा तासाचा खर्च काढा. महिन्याला २६ दिवस, रोज १६ तास, म्हणजे ४१६ तास. सेटिंग, बिघाड, माल नसणं धरून ७० टक्के वापर, म्हणजे साधारण २९१ तास. त्या मशीनवरचा हप्ता, वीज, ऑपरेटर, टूलिंग, शेडचा वाटा मिळून महिन्याला १,६०,००० खर्च असेल, तर तास पडतो ५५० रुपयांना. हा आकडा घेऊन मी ४४ पार्ट तपासले. नऊ पार्ट तोट्यात निघाले, त्यातले काही दहा वर्षं चालू होते. चारांचे रेट वाढवून मिळाले, पाच सोडले. उलाढाल घटली, नफा वाढला. बँकेच्या साहेबांना हे समजावताना नाकी नऊ आले.

दुसरं, एकाच ग्राहकावरचा भार. आमच्याकडे एका वाहन कंपनीचं काम ७२ टक्के होतं. २०१९ मध्ये वाहनांची मागणी पडली तेव्हा आमची दुसरी शिफ्ट तीन महिने बंद राहिली. तेव्हा पंपांचं आणि शेती अवजारांचं काम धरलं, सुरुवातीला कमी मार्जिनवर. विकताना त्या मोठ्या ग्राहकाचा वाटा ४१ टक्क्यांवर आला होता. नवे ग्राहक धरताना रेट काँट्रॅक्ट लेखी घ्या, कच्च्या मालाच्या भावाप्रमाणे रेट बदलण्याची अट टाका, आणि मालकी बदलल्यास परवानगी लागते का हे करारात बघून ठेवा. वाहन उद्योगाला माल देत असाल तर आयएटीएफ १६९४९ या दर्जा-मानकाचं प्रमाणपत्र दारं उघडतं. नुसतं भिंतीवर लावण्यापुरतं असेल तर खरेदीदाराचा माणूस अर्ध्या तासात ओळखतो.

वसुलीबद्दल थोडक्यात. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशिरा व्याज लागतं तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, पैसे दिले त्या वर्षीच धरता येते. तरी आपल्या मोठ्या ग्राहकावर व्याजाचा दावा लावणारा व्हेंडर मी पाहिलेला नाही. त्यापेक्षा ग्राहक ट्रेड्सवर (बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर) असेल तर तिथे बिल वटवा. खर्च होतो, पण पैसा वेळेवर येतो आणि उधारीचा तक्ता देखणा दिसतो.

वाढीसाठी कर्ज काढायचं तर घर तारण ठेवण्याआधी सीजीटीएमएसईच्या (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या) हमीखाली मिळतं का ते विचारा. १ एप्रिल २०२५ पासून त्या हमीची मर्यादा १० कोटींपर्यंत गेली आहे. घर एकदा बँकेकडे गेलं की विकताना ते सोडवणं हा वेगळा सोहळा असतो.

झडतीची फाइल

ड्यू डिलिजन्स म्हणजे झडती. ती होणारच, म्हणून आधी आपणच घ्या. तीन वर्षांचे ताळेबंद, आयकर आणि जीएसटी रिटर्न, जीएसटी व वह्यांतल्या विक्रीचा मेळ, जॉबवर्कसाठी आलेल्या ग्राहकाच्या मालाची चलनं आणि ग्राहकाने भरलेल्या आयटीसी-०४ ची (त्या मालाच्या जीएसटी विवरणाची) प्रत, प्लॉटचा भाडेपट्टा आणि बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, प्रदूषण मंडळाचं चालू संमतीपत्र, पीएफ-ईएसआयची चलनं, मशीनांची यादी क्रमांकासह, विमा, कर्जाची कागदपत्रं, चालू दावे. मशीनांच्या यादीत मी दोन मशीनं अशी सापडवली जी २०११ मध्येच भंगारात गेली होती, पण वह्यांत जिवंत होती.

ग्रॅच्युइटी वेगळी सांगतो, कारण सौद्यात हमखास निघते. बहुतेक छोट्या कारखान्यांत तिची तरतूदच नसते. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा महिन्याचा पगार १८,००० आणि बारा वर्षं नोकरी असेल, तर १८,००० ला २६ ने भागून १५ ने आणि पुन्हा १२ ने गुणायचं: १,२४,६१५ रुपये. एका माणसाचे. पंधरा जुनी माणसं असतील तर खरेदीदार अठरा-एकोणीस लाख किमतीतून सरळ वजा करतो, आणि तुम्हाला वाटतं की त्याने तराजूवर अंगठा दाबला. एलआयसीसारख्या विमा कंपनीच्या ग्रुप ग्रॅच्युइटी योजनेत आधीपासून पैसे टाकत गेलात तर हा धक्का बसत नाही.

गिऱ्हाईक कुठे मिळतं

बहुधा ओळखीतच. तुमच्याच ग्राहकाचा दुसरा, मोठा व्हेंडर ज्याला क्षमता हवी आहे. गुजरात किंवा तामिळनाडूतला उत्पादक ज्याला चाकणजवळ पाय टेकायला जागा हवी. कधी आपलाच मॅनेजर आणि त्याच्यामागे पैसा लावणारा कोणी. मला मिळाला तो यांतला पहिला.

गुप्तता पाळा, आणि ती टिकणार नाही हे धरून चाला. भोसरीत गुरुवारी सुट्टी. बुधवारी संध्याकाळी अनोळखी माणसांना मशीनं दाखवली, तर शुक्रवारी सकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत. मी गुरुवारी, बंद शेडमध्ये दाखवलं. प्रतिस्पर्धी असेल तर गोपनीयतेच्या करारावर सही घ्या आणि तरीही ग्राहकांची नावं आणि पार्टनिहाय रेट शेवटच्या टप्प्यापर्यंत देऊ नका. "ग्राहक क, ४१ टक्के, चौदा वर्षं" एवढं पुरतं.

सौदा कसा बांधायचा

तीन वाटा आहेत आणि तिन्हींचा कर वेगळा. मशीनं सुटी-सुटी विकली तर त्यांवर जीएसटी लागतो, आणि घसारा घेतलेल्या मशीनांवरचा नफा कितीही जुना असला तरी अल्पकालीन धरला जातो. अख्खा चालू धंदा एकरकमी विकला, ज्याला स्लंप सेल म्हणतात, तर चालू धंद्याच्या हस्तांतरावर जीएसटी माफ आहे. धंदा तीन वर्षांहून जास्त काळ हातात असेल तर नफा दीर्घकालीन ठरतो. नफा मोजायचा तो किमतीतून धंद्याचं पुस्तकी नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाऊन उरलेलं) वजा करून, आणि त्यासाठी सीएचा दाखला लागतो. तिसरी वाट शेअर विकण्याची. खासगी कंपनीचे शेअर दोन वर्षांहून जास्त काळ असतील तर दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावरचा मूळ दर १२.५ टक्के आहे.

विकणाऱ्याला शेअर विकणं सोयीचं, घेणाऱ्याला नेहमीच नाही, कारण कंपनीबरोबर तिची जुनी पापंही येतात. स्लंप सेलमध्येही तो पूर्ण सुटत नाही. जीएसटी आणि पीएफची जुनी थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. म्हणून तो तुमच्याकडून हमीपत्रं घेतो आणि काही रक्कम अडकवून ठेवतो. माझ्या सौद्यात ७० टक्के ताब्याच्या दिवशी, १० टक्के वर्षभर एस्क्रो खात्यात (तिऱ्हाइताच्या ताब्यात) आणि २० टक्के पुढच्या वर्षीच्या उलाढालीवर अवलंबून होते. हे शेवटचे २० टक्के मिळतील असं धरून मुलीच्या दवाखान्याचा हिशेब मांडू नका. मी मांडला होता. मिळाले त्यातले बारा.

खेळतं भांडवल नीट वाचा. नेहमीइतका साठा आणि उधारी धंद्यात राहील, असं खरेदीदार धरून चालतो. सौद्याआधी जोर लावून वसुली केली आणि पुरवठादारांचे पैसे थकवले, तर बँकेत दिसणारी ती रक्कम किमतीतून परत जाते. गेल्या बारा महिन्यांची सरासरी काढून तो आकडा करारात घाला.

पुन्हा तोच धंदा करणार नाही, ही अटही येईल. भारतीय करार कायदा, १८७२ धंद्यावरची बंधनं साधारणपणे रद्दबातल ठरवतो, पण नावलौकिकासह धंदा विकल्यावर घातलेलं वाजवी बंधन त्याला अपवाद आहे. म्हणजे ती अट खरी असते, गंमत नव्हे. माझ्याकडे पाच वर्षं, अख्खा महाराष्ट्र मागितला होता. तीन वर्षं आणि पुणे जिल्ह्यावर आणलं.

माणसांना कधी सांगायचं

सह्या झाल्यावर, पण त्याच दिवशी, आणि स्वतः. मी पाळी बदलताना दोन्ही शिफ्टना एकत्र सांगितलं. पहिला प्रश्न पगाराचा नव्हता, "आमची जुनी सर्व्हिस धरणार का?" हा होता. कायद्यानेही, नोकरी अखंड धरली आणि अटी पूर्वीपेक्षा वाईट नसल्या, तरच हस्तांतराची भरपाई टळते. शेअर विकले तेव्हा मालक कंपनीच राहते, तरी मी करारात सेवा अखंड असल्याचं लिहून घेतलं आणि ते वाक्य मराठीत नोटीस बोर्डावर लावलं. मामांना मात्र आदल्या रात्री घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "डायरी मागितलीत तेव्हाच कळलं होतं."

ताब्याच्या दिवशी आणि नंतर

पैसे खात्यात दिसल्याशिवाय शेअर हस्तांतराच्या कागदावर तारीख नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. विसरतात ते पुढचं. बँकेकडून वैयक्तिक हमीतून मुक्त केल्याचं पत्र त्याच दिवशी घ्या. "पुढच्या आठवड्यात पाठवतो" ऐकू नका, कारण नव्या मालकाने कर्ज थकवलं तर बँक तुमच्याच दारात येते. घर तारण असेल तर मूळ कागद आणि बोजा उतरवल्याची नोंद. संचालकपदाचा राजीनामा आणि त्याची कंपनी निबंधकाकडे दाखल झालेली प्रत. डिजिटल सही परत. जीएसटी, पीएफ, बँक, वीज कंपनी, प्रदूषण मंडळ, सगळीकडून अधिकृत सहीकर्ता म्हणून तुमचं नाव काढल्याचा पुरावा. मी यादी करून एकेक टिक केलं, अठरा ठिकाणं झाली. एकोणिसावं राहिलं. स्टोअरमधल्या वजनकाट्याची पडताळणी माझ्या नावावर होती, आणि २०२४ मध्ये तिची मुदत संपल्याची नोटीस घरच्या पत्त्यावर आली.